लग्नातले वाचन एक वचन उशिरा सुरू होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लगीनसराईच्या पुरवण्यांतून हॉल, केटरिंग, गाऊन, ड्रोनवाला फोटोग्राफर या सगळ्यांची माहिती छापून येते. ख्रिस्ती लग्नाबद्दल लिहिताना मात्र पांढरा पोशाख, केक आणि बँड यांच्यापलीकडे लेखणी सहसा जात नाही. त्या दिवशी वेदीपुढे जे वचन दिले जाते, ते पाळायचे म्हणजे सोमवारी सकाळपासून नेमके काय करायचे, यालाही कधीतरी जागा मिळावी म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर खुशाल करा, फक्त पहिला मुद्दा ठेवा.

पहिला मुद्दा वाचनाचा. कॅथलिक लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, दुसऱ्या वाचनासाठी बायबलमधले जे उतारे नेमून दिलेले आहेत, त्यांत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय हमखास निवडला जातो. संदर्भ असतो ५:२अ, २१-३३. म्हणजे दुसऱ्या वचनाचा अर्धा तुकडा वाचायचा आणि तिथून एकदम एकविसाव्यावर यायचे. छोटा उतारा घेतला तर थेट पंचविसाव्यावर. विसावे वचन दोन्हीकडे गळते. त्या विसाव्या वचनात काय आहे? सर्वदा, सर्व गोष्टींबद्दल देवपित्याची उपकारस्तुती करा. एवढेच. बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, नवऱ्याने ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे चर्चवर, केली तशी बायकोवर प्रीती करावी, हे सगळे त्यानंतर येते.

हे नुसते आधी-नंतर नाही. मूळ ग्रीकमध्ये अठराव्या वचनापासून एकच लांब वाक्य चालते. 'आत्म्याने परिपूर्ण होत राहा' हे त्याचे मुख्य क्रियापद. त्याला पुढे जोडलेली धातुसाधिते म्हणजे एकमेकांशी स्तोत्रे बोलत, गात, आभार मानत आणि एकमेकांच्या अधीन होत. बाविसाव्या वचनाला तर काही अतिप्राचीन हस्तलिखितांत स्वतःचे क्रियापदच नाही, ते एकविसाव्याकडून उसने घ्यावे लागते. म्हणजे 'पत्नींनो' या शब्दापाशी जे नवे वाक्य सुरू झाल्यासारखे आपल्याला ऐकू येते, ते पौलाच्या लेखी आभार मानण्याच्याच वाक्याचे शेपूट आहे. 'आभार मानत' याला तिथे जो ग्रीक शब्द आहे, त्याच धातूपासून युखारिस्त, म्हणजे आपली मिस्सा, हा शब्द आला.

रविवारच्या वाचनांतही तीच कात्री चालली आहे. तीन वर्षांच्या चक्रातल्या 'ब' वर्षी सामान्य काळाच्या विसाव्या रविवारी ५:१५-२० वाचतात आणि एकविसाव्या रविवारी ५:२१ पासून पुढचे. २०२४ साली हे रविवार १८ आणि २५ ऑगस्टला आले होते. आभार एका आठवड्यात, नवरा-बायको दुसऱ्या आठवड्यात. पुढचे 'ब' वर्ष २०२७. त्या वर्षी विसावा रविवार नेमका १५ ऑगस्टला येतो, त्या दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा महोत्सव असतो आणि त्याची वाचने वेगळी असतात. तेव्हा त्या वर्षी रविवारच्या मिस्सेत विसावे वचन कानावर पडणारच नाही, आणि पुढच्या रविवारी 'पत्नींनो' मात्र पडेल.

पौलाच्याच कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात गंमत उलटी झाली आहे. तिथे तिसऱ्या अध्यायात पंधराव्या वचनात 'कृतज्ञ असा' आणि सतराव्यात पुन्हा आभार आहेत, नवरा-बायको येतात अठराव्यात. लग्नासाठी दिलेला उतारा ३:१२-१७ असा सतराव्याला थांबतो. एका पत्रात आभार संपल्यावर वाचायला लागायचे, दुसऱ्यात नवरा-बायको येण्याआधी थांबायचे. दोन्ही एकत्र ऐकायला मिळतात ते नाताळनंतरच्या पवित्र कुटुंबाच्या रविवारी, ३:१२-२१ हा पूर्ण उतारा वाचला तर. त्या दिवशी बहुतेकांची झोप पुरी व्हायची असते.

वाचने ठरवणाऱ्यांचा यात काही कावा होता असे आम्ही म्हणत नाही. अठराव्या वचनापासून वाचले तर उतारा फार लांबतो, हे खरेच आहे. पण परिणाम असा झाला की एकनिष्ठा आणि कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक लग्नाची आणि एक जेवणाआधीच्या प्रार्थनेची, अशी आपल्या लोकांची समजूत पक्की झाली. विवाहपूर्व वर्गात 'एकनिष्ठ राहणे म्हणजे काय?' असे विचारले की वर्गभर एकच उत्तर येते: तिसरे माणूस नको. उत्तर चुकीचे नाही, पण ते 'काय करायचे नाही' याचे उत्तर आहे.

तेवढ्यावर कायदाही भागवतो. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात निबंधकापुढे लग्न करताना म्हणायचे जे वाक्य दिलेले आहे, त्यात उपस्थितांना साक्षीला ठेवून 'मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो' इतकेच आहे. एकनिष्ठा, प्रेम, मान हे शब्दच नाहीत. ते चर्चने घातलेले. कॅथलिक विधीत वधूवर तीन गोष्टी कबूल करतात: सुखात-दुःखात, आजारपणात-आरोग्यात एकनिष्ठ राहीन, तुझ्यावर प्रेम करीन, तुझा मान राखीन. अंगठी घालतानाही ती प्रेमाची आणि एकनिष्ठेची खूण म्हणून घाल, असे म्हटले जाते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या विधीत शब्द थोडे वेगळे, मरण आपल्याला वेगळे करीपर्यंत, पण गाभा तोच.

कायद्याने एकनिष्ठेचे माप किती वेडेवाकडे लावले होते तेही सांगायला हवे. १८६९च्या घटस्फोट कायद्याखाली नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही दाखवावे लागे. हा दुजाभाव २००१च्या दुरुस्तीने गेला, म्हणजे तो तब्बल १३२ वर्षे टिकला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द केले. आज तो घटस्फोटाचे कारण आहे, गुन्हा नाही. म्हणून आपल्याकडची काही मंडळी हळहळतात. पोलिसांच्या धाकाने राखलेल्या एकनिष्ठेला वेदीपुढच्या वचनाचे नाव कशाला द्यायचे?

आता आभाराकडे. मराठी घरात नवरा-बायको एकमेकांचे आभार मानत नाहीत. 'आभारी आहे' म्हटले तर समोरचा चपापतो, याला आज काय झाले म्हणून. आभार मानायचे ते परक्यांचे, सभेच्या शेवटी, हार-तुरे संपल्यावर. रिसेप्शनमध्ये टोस्ट झाल्यावर नवरदेवाचे भाषण नीट ऐका. फादर, धर्ममाता-धर्मपिता, मामा, बँडवाले, केटरर, गल्लीतली पोरे, सगळ्यांची नावे चिठ्ठीवर असतात. शेजारी उभी आहे तिचे नाव त्या चिठ्ठीवर क्वचित.

पण मराठीला हे जमतच नाही असे मुळीच नाही. आपले शब्द वेगळे आहेत. 'बरे झाले तू होतीस.' 'तुझ्यामुळे निभावले.' 'दमलास ना?' हे सगळे आभारच. त्यामुळे वर्गात कोणी सकाळ-संध्याकाळ 'थँक यू' म्हणायची सवय लावा असे शिकवले की ती पंधरा दिवसांत गळून पडते. घरच्या बोलीतले शब्द वापरावेत, कादोडीत, वाडवळीत, ज्या घरात जे चालते त्यात. पुण्या-नगरकडच्या मंडळींची बोली वेगळी, त्यांनी त्यांचे वापरावेत.

'कृतज्ञ' हा शब्दच फोडून पाहावा. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आभार मानणे ही पुढची पायरी, केलेले काय आहे ते कळणे ही आधीची. बहुतेक घरांत गाडी या पहिल्या पायरीवरच अडते. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. दोघांनी वेगवेगळे बसून दोन याद्या करायच्या. एक, गेल्या आठवड्यात मी घरासाठी काय काय केले. दोन, जोडीदाराने काय काय केले. वेळ अर्धा तास, बोलायचे नाही. मग नवऱ्याने बायकोबद्दल केलेली यादी आणि बायकोने स्वतःबद्दल केलेली यादी शेजारी ठेवायची, तसेच उलट. जे एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, त्यावर पेन्सिलीने खूण.

खुणा कशावर पडतात? स्वयंपाक, भांडी, विरारहून चर्चगेटची रोजची लटकंती, हप्ते, हे दोघांच्याही याद्यांत येते, कारण ते दिसते. गळते ते लक्षात ठेवण्याचे काम. सिलिंडर कधी संपेल, लसीची तारीख, शाळेची फी, नणंदेच्या मुलीचा कम्युनियन, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक. हे काम हाताला दिसत नाही, डोक्यात चालते, आणि ज्याच्या डोक्यात चालते त्याला ते रविवारीही सोडत नाही. नवऱ्यांच्या बाजूनेही गळती होते: भावांशी जमिनीच्या वाटणीवरून चाललेली बोलणी, सोसायटीची भांडणे, बायकोच्या माहेरच्यांना गुपचूप केलेली मदत. यादी करताना एक चूक हमखास होते. माणूस 'मी तिला मदत केली' असे लिहितो. तो शब्द खोडून 'मी केले' असे लिहावे. मदत म्हटले की काम तिचे होते असे आपोआप ठरते.

यादीनंतरचे आभार. त्यात तीन गोष्टी असाव्यात: काय केलेस, केव्हा केलेस, आणि त्याची तुला काय किंमत पडली. 'तू खूप करतेस' याने कोणाचे पोट भरत नाही. 'मंगळवारी रात्रपाळी करून आलीस आणि न झोपता बाबांना दवाखान्यात नेलेस' याने भरते. बिघडते ते पुढच्या शब्दाने. 'डाळ छान झाली, पण...' या 'पण'ने आधीचे सगळे पुसले जाते. तक्रार असेल तर ती वेगळ्या वेळी, वेगळ्या वाक्यात करावी. दुसरा बिघाड हिशेबाचा: मी तुझे तीनदा आभार मानले, तू एकदाही नाहीस. तिसरा सर्वांत वाईट, आभार मागून घेणे. 'मी आहे म्हणून तुला दोन वेळचे मिळते' हे वाक्य म्हणणारा स्वतःला घरचा कर्ता समजत असतो. 'उपकारस्तुती' शब्दातला उपकार देवाचा, त्यावर कुटुंबप्रमुखाने मालकी सांगायचे कारण नाही.

जेवणाच्या प्रार्थनेबद्दल एक लहानशी सूचना. संध्याकाळी टेबलावर किंवा पाटावर सगळे बसतात, क्रूसाची खूण होते, 'हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार', आणि त्या वेळी ते अन्न करणारी व्यक्ती ओट्याशी शेवटची पोळी उलटत असते. एक खुर्ची रिकामी. देवाचे आभार झाले, पोळीवालीचे नाही, आणि ती आत येईपर्यंत बोंबील निम्मे संपलेले. प्रार्थना गॅस बंद झाल्यावर सुरू करावी. पोळ्या पाच मिनिटे गार झाल्या तर होऊ द्याव्यात. प्रार्थनेत ज्याने रांधले त्याचे नाव घ्यावे. लहान मुले हे दोन दिवसांत उचलतात आणि मग मोठ्यांना विसरू देत नाहीत.

दुसरे साधन वहीचे. १९६०च्या दशकात गॅब्रिएल काल्व्हो या स्पॅनिश धर्मगुरूने जोडप्यांसाठी जी शिबिरे सुरू केली, त्यांतून मॅरेज एन्काउंटर ही चळवळ जगभर गेली. आपल्याकडेही ती आली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे 'दहा-दहा'. शिबिर केलेली जोडपी ते शिकतात आणि बरीचशी सहा महिन्यांत सोडून देतात, म्हणून कृती नीट सांगतो.

दोन साध्या वह्या, दोघांच्या वेगळ्या. एक ठरलेला प्रश्न, तोच दोघांना. दहा मिनिटे दोघांनी आपापल्या वहीत लिहायचे, पत्रासारखे, वर जोडीदाराचे नाव लिहून. घड्याळ लावायचे. दहा मिनिटे झाली की वाक्य अर्धे राहिले तरी थांबायचे. वह्या बदलायच्या. जोडीदाराचे लिहिलेले दोनदा वाचायचे, पहिल्यांदा काय म्हटले आहे ते कळण्यासाठी, दुसऱ्यांदा ते लिहिताना त्याला काय होत असेल ते कळण्यासाठी. मग दहा मिनिटे बोलायचे. बोलायचे ते भावनेबद्दल. तोडगा काढायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. घड्याळ वाजले की विषय बंद. पैसे, सासू, मुलांच्या शाळा यांचे निर्णय या वीस मिनिटांत घ्यायचे नाहीत, त्यांना वेगळी वेळ.

हे फसते कुठे? मराठीत एक खास सापळा आहे. शिबिरात सांगतात की मत लिहू नका, भावना लिहा, भावना चूक किंवा बरोबर नसते. पण मराठीत 'वाटणे' हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. 'मला वाटते की तुला माझ्या घरच्यांची किंमत नाही' हे लिहून माणूस समाधानाने म्हणतो, मी माझी भावना लिहिली. ती भावना नाही, तो निकाल आहे. ओळखायची खूण सोपी: 'वाटते'च्या पुढे 'की' आला तर मत, 'वाटते'च्या मागे एकटे, भीती, हलके, ओशाळे, निवांत असा शब्द असला तर भावना. 'तू फोन उचलला नाहीस तेव्हा मला भीती वाटली.' वहीतला 'की' शोधून खोडायचा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भांडणे वहीतच राहतात.

दुसरी चूक भाषेची. वही हातात आली की लोक एकदम प्रार्थनापुस्तकाच्या मराठीत लिहू लागतात, 'प्रिय पत्नी, तुझ्या त्यागाला सीमा नाही'. घरात जसे बोलता तसे लिहा, शुद्धलेखन कोणी तपासत नाही. तिसरी चूक जुन्या वह्यांची. भांडणात 'बारा तारखेला तूच लिहिले होतेस' म्हणून वही पुराव्याला काढली की त्या दिवसापासून समोरचा खोटे लिहायला लागतो. ज्याला लिहिणे जड जाते, त्याने बोलून आवाजाचा निरोप करावा, अट तीच दहा मिनिटांची. जहाजावर सहा-नऊ महिने असणाऱ्यांना तर हाच मार्ग. तिकडच्या वेळेचा घोळ असतो, म्हणून उत्तर त्याच दिवशी आले पाहिजे अशी अट घालू नये.

रोज जमणार नाही. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मुले झोपल्यावर. रागात असताना वही उघडू नये. पण राग दुसऱ्या दिवसावर नेऊही नये, सूर्य मावळेपर्यंत रागात राहू नका, हेही इफिसकरांच्याच पत्रात आहे, चौथ्या अध्यायात. पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांना परवानगी मागणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे हे तीन शब्द वारंवार सांगितले. आपल्याकडे तिसऱ्यावर प्रवचने बरीच होतात, दुसऱ्यावर कमी. वास्तविक ज्या घरात दुसरा शब्द चालतो, तिथे तिसरा उच्चारायला तोंड कमी जड होते.

कृतज्ञता म्हणजे दोष न दिसणे, असाही एक गैरसमज आहे. त्याला उत्तर म्हणून मराठी ख्रिस्ती वाचकांपुढे टिळक दांपत्य आहेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या काळी १८६६चा एक कायदा होता: धर्मांतर केल्यामुळे जोडीदाराने सहा महिने सोडून ठेवले, तर ख्रिस्ती झालेल्याला न्यायालयात जाता येई, वर्षभराची मुदत देऊन लग्न मोडता येई आणि दुसरे करता येई. टिळकांनी लग्न मोडले नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी नवऱ्याचा तापट स्वभाव, विसरभोळेपणा, हातातला पैसा भेटेल त्याला देऊन टाकण्याची सवय, काहीही झाकले नाही. आणि १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य पुढे नेले ते याच बाईंनी. दोषांची पूर्ण यादी ठेवून केलेली कृतज्ञता कशी असते ते तिथे पाहावे.

आता एका गोष्टीवर आवाज चढवूनच लिहितो. बाविसावे वचन पुढे करून मार खाणाऱ्या बाईला परत पाठवण्याचे प्रकार आपल्या समाजात होतात, आणि तिला वर 'देवाने दिले त्याबद्दल आभार मान' हेही ऐकवले जाते. चर्चच्या कायद्याचे ११५३वे कलम स्पष्ट आहे. जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, किंवा एकत्र राहणे असह्य झाले असेल, तर वेगळे राहण्याचे ते रास्त कारण आहे, आणि थांबण्यात धोका असेल तर आधी परवानगी घेण्याचीही गरज नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा आदेश आणि संरक्षण दोन्ही मागता येते. अशा वेळी घर सोडणारीने वचन मोडलेले नसते, ते हात उचलणाऱ्याने आधीच मोडलेले असते. जोडीदाराच्या व्यभिचाराबद्दलही ११५२वे कलम क्षमा करावी अशी कळकळीची शिफारस करते, सक्ती करत नाही. आणि चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरवला तरी सरकारी कायद्याने तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे. दिवाणी न्यायालयात वेगळे जावेच लागते. दुसऱ्या लग्नाची घाई करणाऱ्यांना हे फार उशिरा कळते.

कागदांचेही बघावे, कारण एकनिष्ठेचा हा भाग कोणी सांगत नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ आपल्याला लागू आहे. त्यातल्या ६९व्या कलमाने लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. लग्नाआधी केलेले असेल तर नव्याने करावे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश मिळते, मुलांना दोन तृतीयांश. राहते घर, सामाईक वाडी, भावांची नावे लागलेला सातबारा, यांत त्या एक तृतीयांशाचे काय होते ते वसईकरांना सांगायला नको. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन लग्नानंतर पुन्हा भरावे लागते. विम्यावर अजून आईचेच नाव असेल तर तेही तपासावे. बायकोपासून लपवलेले कर्ज आणि नवऱ्यापासून लपवून गहाण ठेवलेले सोने हे दोन्ही वेदीपुढच्या वचनाच्या कक्षेत येतात. यावर अर्धा तास खर्च करणारा विवाहपूर्व वर्ग विरळा.

मागणी फार मोठी नाही. लग्न ठरलेल्यांनी पहिल्या वाचनासाठी बायबलमधल्या तोबीत या पुस्तकाच्या आठव्या अध्यायाचा विचार करावा. लग्नाच्या रात्री तोबिया आणि सारा उठून प्रार्थना करतात, आणि तिची सुरुवात मागण्याने नाही, स्तवनाने होते. हा उतारा लग्नाच्या यादीत आहेच. इफिसच हवे असेल तर फादरांनी प्रवचनात विसावे वचन उघडून दाखवावे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रॉटेस्टंट पाळकसाहेबांना तर अठराव्यापासून वाचायला काहीच आडकाठी नाही.

आणि धर्मग्रामांनी, म्हणजे त्या त्या चर्चच्या स्थानिक समुदायांनी, लग्नानंतर जोडप्यांना परत बोलवावे. आज दाखला मिळाला की गाठ पडते ती पहिल्या मुलाच्या स्नानसंस्काराला, त्यानंतर थेट रौप्यमहोत्सवी मिस्सेला. २०२२ साली व्हॅटिकनने विवाहाच्या तयारीबद्दल जे मार्गदर्शन काढले, त्यात लग्नानंतरची पहिली वर्षेही धरलेली आहेत. लग्नानंतर तीन महिन्यांनी, मग एक, तीन आणि पाच वर्षांनी, अशा चार बैठका पुरतात. एका वेळी सहा-सात जोडपी, दोन तास, त्यांतला अर्धा तास याद्यांना आणि वीस मिनिटे वहीला. व्याख्याता लागत नाही. लागतात त्या दोनशेपानी वह्या, जोडप्याला दोन, आणि भिंतीवर मोठे घड्याळ. मुलांना सांभाळायला युवक गटातली दोन पोरे बसवली तर कोणाची सबब उरत नाही.

पहिल्या बैठकीला, किंवा आज रात्री घरीच, कोणता प्रश्न घ्यावा असे विचारणाऱ्यांसाठी: 'या आठवड्यात तू केलेले असे कोणते काम माझ्या नजरेतून सुटले होते, आणि आता ते लिहिताना मला कसे वाटते आहे?' वर तारीख, जोडीदाराचे घरातले नाव, आणि दहा मिनिटे.

आपले,
विवाहपूर्व वर्गांत शिकवणारे एक दांपत्य
वसई